पहिल्या पगाराआधी विचारा

पगार विभागात काम करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

दर जून-जुलैत माझ्यासारख्या करसल्लागाराकडे येणाऱ्या पगारदारांमध्ये वर्षाच्या मध्यात नोकरी बदललेले लोक हमखास असतात. हातात दोन कंपन्यांचे दोन फॉर्म १६, दोन्हींत कर शून्य किंवा अगदी किरकोळ. दोन्ही पगार एकत्र धरून मी देय कराचा आकडा सांगितला की समोरचा माणूस म्हणतो, "पण सर, टीडीएस कंपनी कापतेच ना? मग हा टॅक्स कुठून आला?" त्याला मी समजावून सांगतो. पण तेच उत्तर त्याला नव्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात मिळालं असतं, तर त्याचे पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचले असते. आणि त्या महिन्यात त्याच्याशी बोलणारे तुम्हीच होता. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी हिशेब मांडतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ घ्या. एक अभियंता एप्रिल ते सप्टेंबर चाकणच्या एका कारखान्यात महिना १,०५,००० रुपयांवर होता. ऑक्टोबरपासून तो खराडीतल्या एका कंपनीत १,४०,००० रुपयांवर रुजू झाला. नवी करप्रणाली, दुसरं काही उत्पन्न नाही. पहिल्या कंपनीने वर्षभराचा अंदाज धरला १२,६०,०००. त्यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेली की राहिले ११,८५,०००. बारा लाखांच्या आत, म्हणून कलम ८७अ ची सवलत मिळाली आणि कर शून्य. दुसऱ्या कंपनीने आपल्यापुरते सहा महिने धरले, म्हणजे ८,४०,०००. त्यातूनही ७५,००० वजा, उरले ७,६५,०००. पुन्हा कर शून्य.

आता दोन्ही एकत्र करा. एकूण पगार १४,७०,०००. प्रमाणित वजावट एकदाच, म्हणून करपात्र उत्पन्न १३,९५,०००. बारा लाखांची रेषा ओलांडली, सवलत गेली. चार ते आठ लाखांवर २०,०००, आठ ते बारा लाखांवर ४०,०००, वरच्या १,९५,००० वर पंधरा टक्क्यांनी २९,२५०. एकूण ८९,२५०, त्यावर चार टक्के उपकर. देय कर ९२,८२० रुपये. वर्षभरात कापला गेला एक रुपयाही नाही. जुलैत विवरणपत्र भरताना हा कर भरला, तर कलम २३४ब आणि २३४क खालचं व्याज मिळून आणखी सुमारे ८,४०० रुपये.

या सगळ्यात दोन्ही कंपन्यांनी एकही नियम मोडलेला नाही. दोन्ही पगारपत्रकं आपापल्या जागी बरोबर आहेत आणि तरीही त्या माणसाचा वर्षाचा हिशेब चुकला आहे. बारा लाखांपर्यंत कर नाही ही गोष्ट घराघरात पोचल्यापासून ही चूक वाढण्याचीच शक्यता जास्त, कारण आता दोन्हीकडे शून्य दाखवणारे पगार बरेच मोठे असू शकतात. शून्य पाहून कुणाला शंकाही येत नाही.

ऑक्टोबरात नव्या कंपनीने आधीच्या पगाराची माहिती देणारा फॉर्म १२बी भरून घेतला असता, तर त्याच ९२,८२० चे सहा भाग पडले असते. महिन्याला १५,४७० रुपये. एक लाख चाळीस हजारांच्या पगारातून हे निघाले असते. हातात येणारी रक्कम किती हे पहिल्याच महिन्यात कळलं असतं आणि घराचा हप्ता त्याने त्या हिशेबाने ठरवला असता.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९२(२) मध्ये यासाठीच सोय होती. एकामागून एक अशा दोन मालकांकडे काम केलेला कर्मचारी आधीच्या पगाराची आणि कापलेल्या कराची माहिती सध्याच्या मालकाला देऊ शकतो; नियम २६अ ने त्यासाठी फॉर्म १२बी ठरवून दिला. माहिती द्यायची की नाही, हे कायद्याने कर्मचाऱ्याच्या मर्जीवर सोडलं आहे. मात्र एकदा दिली की ती धरून कर कापणं तुमच्यावर बंधनकारक होतं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला, पगारावरच्या कराचं कलम आता ३९२ आहे आणि फॉर्मांचे क्रमांकही बदलले; या पत्रात मी ओळखीचे जुने क्रमांकच वापरतो. पण पगारातून कर कापण्याची रीत तीच आहे आणि नोकरी बदलणाऱ्याची अडचणही तीच आहे.

कर्मचाऱ्याच्या मर्जीवर आहे, मग आम्ही कशाला विचारायचं, असं तुमच्यापैकी काहींनी मला सांगितलं आहे. मला हे पटत नाही. ज्याला फॉर्म १२बी अस्तित्वात आहे हेच माहीत नाही, त्याच्या मर्जीला अर्थ काय? रुजू होण्याच्या दिवशी त्याच्यासमोर पोर्टलवर कागदांचा ढीग असतो: आधार, पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक, पीएफचं नामनिर्देशन, विम्यासाठी आईवडिलांच्या जन्मतारखा, गुंतवणुकीचं डिक्लेरेशन. त्या ढिगात "प्रीव्हियस एम्प्लॉयर इन्कम" अशी एक ओळ असते आणि तो ती रिकामी सोडून पुढे जातो, कारण तिथे लाल तारा नसतो. ती ओळ रिकामी राहिली तर काय होईल, हे सांगणारं एक वाक्य त्या ओळीखाली लिहिलेलं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

काहीजण मात्र जाणूनबुजून ती रिकामी सोडतात. मुलाखतीत आधीचा पगार थोडा चढवून सांगितलेला असतो आणि फॉर्म १२बी मध्ये खरा आकडा लिहावा लागतो. हे तुम्हालाही माहीत आहे, फक्त कुणी बोलत नाही. यावर माझं मत स्पष्ट आहे: कराच्या कामासाठी दिलेला आकडा पगार विभागाबाहेर जाता कामा नये. भरती करणाऱ्या एचआरला तो पाहण्याचं कारण नाही. असा भरवसा लेखी दिलात, तर अर्ध्याहून अधिक भीती जाईल. तरीही कुणी माहिती द्यायला तयार नसेल, तर त्याला निदान इतकं सांगा की फरकाचा कर त्याने स्वतः आगाऊ कर म्हणून भरावा. १५ डिसेंबरपर्यंत पाऊण आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. गुप्तता राखायचा त्याला हक्क आहे, पण त्याची किंमत आधी कळायला हवी.

तिसरी अडचण तुमच्याच बाजूची. अनेक कार्यालयांत "आधीच्या कंपनीचा फॉर्म १६ आणा, मगच १२बी घेऊ" असं सांगतात. फॉर्म १६ देण्याची मुदत वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत असते. सप्टेंबरात नोकरी सोडलेल्या माणसाने तो ऑक्टोबरात आणायचा कुठून? आधीच्या कंपनीची शेवटची पे-स्लिप, फुल अँड फायनलचा हिशेब आणि कर गणनेचं पत्रक एवढ्यावर काम होतं. कापलेला कर जमा झाला की नाही, हे पुढे २६एएस मध्ये पडताळता येतं. फॉर्म १२बी वर त्या माणसाची सही असते, आकड्यांची खात्री तो देत असतो. तिमाहीच्या अखेरीस त्याच्याकडून २६एएसची प्रत मागून आकडे जुळवा, एवढं पुरे.

आता नोकरी सोडताना होणाऱ्या चुकीबद्दल, कारण माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. वर्षाला वीस लाख पगार धरून पहिल्या कंपनीने एप्रिलपासून दर महिन्याला कर कापला. माणूस सप्टेंबरात सोडून गेला. फुल अँड फायनल करताना सॉफ्टवेअर त्याचा वर्षाचा पगार पुन्हा मोजतं आणि यापुढे त्याला काहीच मिळणार नाही असं गृहीत धरतं. वीस लाखांचे दहा लाख होतात, कर शून्यावर येतो आणि चालू महिन्यातला कापलेला पण अजून न भरलेला, किंवा इतरांच्या कराशी जुळवून घेता येईल असा कर शेवटच्या पगारात परत दिला जातो. कलम १९२(३) मुळे वर्षातली कमी-जास्त कपात अशी जुळवून घेता येते, म्हणून ते बेकायदा नाही. निघताना अपेक्षेपेक्षा जास्त पैसे आले म्हणून माणूस खूश होतो. तो पैसा सरकारचा आहे आणि काही महिन्यांनी व्याजासह परत द्यायचा आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

जो माणूस "दुसरीकडे रुजू होतोय" असं राजीनाम्यातच लिहून जातो, त्याचं उरलेल्या वर्षाचं उत्पन्न शून्य धरणं मला अत्यंत गैर वाटतं. सॉफ्टवेअरला ते कळणार नाही, तुम्हाला कळतं. पैसे परत देण्याआधी एक ईमेल टाका: तुमचा कापलेला कर तसाच ठेवू का? बहुतेक लोक हो म्हणतील.

निघणाऱ्या माणसाबद्दल आणखी एक. शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्याचं लॉगिन बंद होतं आणि त्याबरोबर सगळ्या पे-स्लिप्सही जातात. मग नव्या कंपनीत १२बी भरायला त्याच्याकडे काही उरत नाही. बँकेत आलेल्या रकमांवरून तो मागचा पगार ताडत बसतो. शेवटच्या पे-स्लिपसोबत कर गणनेचं पत्रक त्याच्या खासगी ईमेलवर पाठवायला किती वेळ लागतो? २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे आणि तिच्यात राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायला सांगितलं आहे. पूर्वी दीड-दोन महिने रेंगाळणारा हिशेब लवकर होणार असेल, तर त्यासोबत हे पत्रकही जाऊ द्या.

चूक झालीच, तर ती कधी लक्षात आली यावर दुरुस्ती अवलंबून असते. डिसेंबर-जानेवारीत, गुंतवणुकीचे पुरावे गोळा करताना समजली, तर उरलेल्या दोन-तीन पगारांत ती बसवता येते. त्यासाठी आकडा निघाल्याबरोबर त्या माणसाला फोन करा. पगार हातात पडल्यावर त्याला कळणं हे क्रूर आहे. मार्चमध्ये १,४०,००० च्या जागी चाळीस हजार खात्यात आले आणि कारण विचारायला गेला तर "सिस्टिमने कॅल्क्युलेट केलंय" असं उत्तर मिळालं, तर त्या महिन्याचे हप्ते आणि शाळेची फी तो कशी भरेल? पगारातून एवढी कपात नको असेल, तर ३१ मार्चपर्यंत त्याने स्वतः बँकेतून भरलेली रक्कमही आगाऊ करच धरली जाते आणि २३४ब चं व्याज टळतं. हा मार्ग त्याला सांगायला तुम्हाला कोणी मनाई केलेली नाही.

एक उलटी चूकही पाहायला मिळते. १२बी मधला पगार धरला जातो, पण आधीच्या कंपनीने कापलेला कर नोंदवायचा राहून जातो. मग नवी कंपनी पूर्ण वर्षाचा कर पुन्हा कापते. ३१ मार्चच्या आत कळलं तर पुढच्या पगारात कपात कमी करा. वर्ष संपल्यावर मात्र तो पैसा विवरणपत्र भरून परतावा म्हणूनच मिळतो, तुमच्याकडून नाही. हे त्याला सरळ सांगा, "बघतो, करतो" म्हणून सप्टेंबरपर्यंत झुलवू नका.

१२बी नीट भरलेला असतानाही विवरणपत्र चुकतं, याचं कारण तुमच्या फॉर्म १६ मध्ये असतं. त्याच्या भाग ब मध्ये दुसऱ्या मालकाकडून मिळालेल्या पगाराची एक ओळ असते आणि आधीचा पगार तिथे आधीच मिळवलेला असतो. कर्मचारी मात्र दोन्ही फॉर्म १६ घेऊन दोन्हींची बेरीज करतो आणि पहिल्या सहा महिन्यांचा पगार दोनदा दाखवतो. फॉर्म १६ पाठवताना "आधीचा पगार यात समाविष्ट आहे" एवढं वाक्य लिहा. ज्यांनी १२बी दिलेला नाही त्यांना "समाविष्ट नाही, स्वतः मिळवा" असं कळवा. दुसऱ्या मालकाच्या पगाराची ती ओळ चौथ्या तिमाहीच्या २४क्यू विवरणातही जाते. त्याची मुदत ३१ मे, म्हणजे मार्चनंतरही तपासायला दोन महिने हातात असतात.

आणि सोडून गेलेल्या माणसाची चूक दुरुस्त करायची असते तेव्हा? पॅनमधलं एक अक्षर चुकलं, त्यामुळे कापलेला कर त्याच्या २६एएस मध्ये दिसत नाही. ट्रेसेसवरून सुधारित विवरण भरलं की काम होतं. पण तो आता तुमचा कर्मचारी नाही, त्याचे ईमेल "रिझॉल्व्ड" शिक्का मारून बंद केले जातात. मित्रांनो, ती चूक तुमच्या नोंदीत आहे आणि ती तुमच्याशिवाय जगात दुसरं कुणीही दुरुस्त करू शकत नाही. प्राप्तिकर अधिकारीही नाही.

त्याहून गंभीर म्हणजे कापलेला कर कंपनीने भरलाच नाही तर. अशा वेळी तोच कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा मागता येत नाही, असं १९६१ च्या कायद्याचं कलम २०५ सांगतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये पगारदाराच्या अशाच प्रकरणात हे मान्य केलं आणि २०१५ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही आपल्या अधिकाऱ्यांना सक्तीची वसुली न करण्यास सांगितलं. तरी संगणक मागणीची नोटीस काढतो, आणि मग त्या माणसाचा आधार असतो तुमची पे-स्लिप. कर कापल्याची नोंद तिच्यावर स्वच्छ असू द्या, आणि त्याने मागितल्यास तसं पत्रही द्या.

व्यवसाय कराचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात महिना दहा हजारांवर पगार असला की २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. त्यावर जाण्याची परवानगी राज्यघटनेचं कलम २७६ देत नाही. महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना २०२३ पासून हा कर माफ आहे. नोकरी बदलण्याच्या महिन्यात दोन्ही कंपन्या हे दोनशे कापतात, ते टाळा. रक्कम लहान आहे, पण रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये आणलेला हा कर आहे आणि त्याचा हिशेबही नीटच असला पाहिजे.

पीएफचं मात्र लहान नाही. नोकरी बदलताना पीएफ काढून घेणाऱ्या तरुणाला कुणीतरी थांबवलं पाहिजे. सलग पाच वर्षं पूर्ण होण्याआधी काढला तर तो करपात्र होतो. नव्या खात्यात वळवला तर आधीची नोकरीही त्या पाच वर्षांत धरली जाते. रुजू होताना यूएएन घेताच तुम्ही, मग त्याच वेळी दोन शब्द बोला.

तुमच्यावरचा ताण मला माहीत आहे. पंचवीस तारखेपर्यंत हजेरी येत नाही, एकतीसला पगार जायलाच हवा, आणि बरोबर झालेल्या पगाराबद्दल तुम्हाला कुणी धन्यवाद देत नाही. तुमच्यातले कितीतरी जण बाहेरच्या एजन्सीचे असतात, ज्यांना कर्मचाऱ्याचा चेहराही दिसत नाही, फक्त कोड दिसतो. म्हणून मी मागतो ते मोजकं आहे. नव्या माणसाला पहिल्या पगाराआधी विचारा: या आर्थिक वर्षात आधी कुठे नोकरी होती का, तिथला पगार आणि टीडीएस किती? उत्तर आलं नाही तर डिसेंबरात पुन्हा विचारा, आणि "नको" म्हणाला तर त्याचा परिणाम रुपयांत सांगा. जाणाऱ्याला त्याचे कागद देऊन पाठवा. गेलेल्याच्या ईमेलला उत्तर द्या.

पोर्टलवरची आधीच्या पगाराची ती ओळ, "नको" म्हणायची सोय ठेवून, अनिवार्य करायला तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला आजच कळवा. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तुमच्याकडे नवीन माणसं रुजू होतील, त्याआधी ते होऊ द्या.

आपला,
पुण्यातला एक करसल्लागार